पोलंडला युक्रेनवाल्यांच्या कागदावर जाता येतं का?

शिरपूरकर: धाकटा भाऊ आयटीआय वेल्डर, सध्या सुरतेला. एजंट म्हणतो, पोलंडमधली युक्रेनची माणसं लढाईवर गेली, जागा रिकाम्या पडल्यात. ते ज्या साध्या कागदावर यायचे त्यावरच महिन्याभरात पाठवतो. आई गहू विकून पैसे भरायला निघालीय. तिकडे कोणी आहे का?

तापीकाठचा: मी रावेरचा, पोलंडमध्ये वूच शहराजवळ गोदामात आहे. एजंट अर्धं खरं सांगतोय भो. ट्रक आणि बांधकामावर माणूस कमी पडला, कारण 2022 पासून युक्रेनने 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडायची बंदी घातली. (2025 ला 22 पर्यंतच्या पोरांना सूट दिली.) पण तो कागद आपला नाही. मालक इथल्या रोजगार कचेरीत नोंद करतो की अमक्याला कामावर घेतोय, एवढंच. युक्रेन, बेलारूस, मोल्दोव्हा, आर्मेनिया अशा मोजक्या देशांपुरतं ते. भारत त्यात कधीच नव्हता.

माझ्या लाईनवर युक्रेनमधल्या तेर्नोपिलची एक मावशी आहे. आधी त्या कागदावर वर्षात सहाच महिने काम करता यायचं. स्ट्रॉबेरी तोडायची, मग ग्रुयेत्सला सफरचंदं, की परत घरी. आपले नंदुरबारचे लोक बारडोलीला ऊसतोडीला जातात तसंच. 2004 ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेला, इथली पोरं इंग्लंडला पळाली, म्हणून ही जागा झाली. 2014 ला पूर्व युक्रेनमध्ये, डोनबासला युद्ध पेटलं, त्यांचं चलन रिव्ह्निया कोसळलं, तेव्हापासून रीघच लागली. आता मावशी मुलीला घेऊन इथंच आहे, नवरा तिकडे.

धुळ्याचा बाळू: पगार किती पडतो?

तापीकाठचा: 2025 ला किमान पगार महिना 4666 झ्लॉटी (इथलं चलन) होता, हातात साडेतीन हजार. खोलीचं भाडं वेगळं. आणि पोलिश येत नसेल तर मुकादमाच्या तोंडाकडे बघत बसायचं. युक्रेनवाल्यांना भाषा जवळची, ते महिन्या-दोन महिन्यांत बोलायला लागतात.

आपल्याला मालकाने काढलेला कामाचा परवाना लागतो, त्यावर डी व्हिसा, म्हणजे जास्त दिवस राहायचा व्हिसा. परवान्यावर कंपनी, काम, पगार सगळं लिहिलेलं असतं. महिन्याभरात होत नाही हे.

शिरपूरकर: परवान्याची प्रत मागितली. म्हणे आधी अर्धे पैसे टाका.

तापीकाठचा: मग टाकू नका. कंपनीचं नाव तरी काढा त्याच्याकडून आणि इथं लिहा. इथली सरकारी नोंदणी कोणालाही बघता येते, रात्रपाळी सुटली की तपासतो.