लंडनच्या सेव्हॉय हॉटेलमधली थेम्सकडची खोली

"सेव्हॉयला राहिलं की खिडकीतून थेम्स दिसतेच" असं म्हटलं जातं, ते खरं नाही. या हॉटेलची (सुरू झालं १८८९ साली) एक बाजू स्ट्रँडच्या रस्त्याकडे आहे. तिकडच्या आर्ट डेको (१९२०-३०च्या दशकांतली भौमितिक सजावटशैली) खोल्या सुंदर आहेत, पण नदी नाही. बुकिंगमध्ये खोलीच्या नावातच 'रिव्हर व्ह्यू' लिहिलेलं हवं. नुसती विनंती नोंदवली तर हमी नसते. शिवाय वरचा मजला मागा. नदी आणि हॉटेल यांच्यामध्ये बाग आहे, उन्हाळ्यात तिथली झाडं भरली की खालच्या मजल्यांवरून पाणी धड दिसत नाही. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८९९ ते १९०१ मध्ये इथूनच डावीकडचा वॉटर्लू आणि उजवीकडचा चेरिंग क्रॉस पूल रंगवला, तोही पाचव्या-सहाव्या मजल्यावरून! एवढे पैसे मोजायचे तर ते या दृश्यासाठीच मोजावेत.

चेक-इनला डेबिट कार्ड देऊ नका. अनामत म्हणून अडवलेली रक्कम खात्यातून सुटायला बरेच दिवस लागू शकतात; क्रेडिट कार्डावर फक्त तेवढी खर्चाची मर्यादा अडते. आणि दारासमोरच्या सेव्हॉय कोर्ट या छोट्या रस्त्यावर गाड्या उजवीकडून चालतात. आपल्या सवयीनं उजवीकडे बघून पाऊल टाकाल, तर टॅक्सी डावीकडून येईल.