गोव्यात रविवारी मित्रांसोबत जंगलात जायचंय: बोंडला, तांबडी सुर्ला की दूधसागर?

अस्नोडेवाला: मंडळी, आम्ही सहाजण, सगळे म्हापशात नोकरीला. दिवाळीनंतरचा एक रविवार मोकळा मिळतोय. दर्या नको. पाहुण्यांना कळंगुट दाखवून दाखवून जीव विटलाय. दोघांना बोंडला अभयारण्य हवंय, दोघांना तांबडी सुर्ल्याचं रानातलं देऊळ, आणि एकजण दूधसागर धबधब्यावर अडून बसलाय. मी गाडी चालवणार, त्यामुळे मला मत नाही. एका दिवसात तिन्ही उरकतील का?

कुळेकर: दूधसागर सोड. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला बंदी आहे, म्हणजे कुळ्याहून जीपच घ्यावी लागते, आणि रविवारी तिथे केवढी रांग लागते! सुट्टीच्या दिवशी आम्ही गाववालेच तिकडे फिरकत नाही.

उसगावचो: तिन्ही 'उरकायची' असतील तर घरीच बसा रे, मोबाइलवर फोटो बघा. जंगल म्हणजे पाच मंदिरांची यात्रा नव्हे.

माझं ऐकशील तर तांबडी सुर्ला. फोंड्याचा वळसा नको. डिचोली, साखळी, वाळपई असा जा, वाळपईहून साधारण बावीस किलोमीटर. पेट्रोल वाळपईतच भर. पाव-भाजी तिथेच चेपून घ्या, पुढे पोटभर मिळेल याची खात्री नाही. निघा मात्र पहाटे. देऊळ पूर्वाभिमुख आहे, सकाळचं ऊन थेट गाभाऱ्यात शिरतं. नऊ-दहानंतर बसगाड्या येतात आणि मग मंडपात नुसत्या सेल्फ्या.

कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं देऊळ आहे. आत गेल्यावर आधी वर बघ, छताला कोरलेलं कमळ आहे. मंडपातल्या नंदीला डोकं नाही. बाजारपेठांपासून इतकं लांब, रानात दडलेलं, म्हणून वाचलं असं जुनी माणसं सांगतात. मला पटतं.

देवळाशेजारची नदी ओलांडून रानात वाट जाते. पुढे धबधबा आहे, पण तिकडे वनखात्याच्या माणसाची परवानगी घेऊनच जा. हे भगवान महावीर अभयारण्य आहे, उगाच घुसू नका. धबधबा नाही झाला तरी बिघडत नाही. वाटेवर मत्तीची झाडं बघ, आपला राज्यवृक्ष. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असते, एकदा हात फिरवलास की पुन्हा झाड चुकणार नाही. वर फांद्यांवर शेकरू खडखड ओरडत असतं, पण सहाजण बडबडत चाललात तर फक्त आवाजच ऐकू येईल.

अस्नोडेवाला: देव बरें करूं! पण बोंडलावाले रुसतील त्याचं काय?

उसगावचो: परतताना मोले, तिस्क असे या, बोंडला तिथून जवळच. जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, आत प्राणिसंग्रहालय. पिंजऱ्यातले प्राणी बघण्यात मला रस नाही, पण त्यांची हौस भागेल. रविवार आहे म्हणून ठीक, गुरुवारी बंद असतं. आणि पोरं असतील तर बोंडलाच आधी ठेव.

काणकोणची: सगळे उत्तरेकडेच का पळता? दक्षिणेत खोतीगाव अभयारण्याला या की! पैंगीणहून आत वळायचं, आत झाडावरचा मचाण आहे. शांत बसणाऱ्यालाच काही दिसतं, तेवढी तयारी ठेवा. पण म्हापशाहून एका दिवसात दमाल, मुक्कामाला या.

वाळपईकर: एक राहिलं. वाळपईच्या या सत्तरी तालुक्यात माकडताप (गोचीड चावून होतो तो) होऊन गेलाय, आणि पाऊस सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोचिडींचा हंगाम. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पायमोजे. चड्डी-चप्पल घालून पानांत लोळू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग नीट तपासा, विशेषतः काखा आणि गुडघ्यामागे. माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

अस्नोडेवाला: ठरलं, तांबडी सुर्ला आणि जमलं तर बोंडला. दूधसागरवाल्याला सांगितलंय, तू पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवायचं काम घे. आता तोच म्हणतोय, दूधसागर पुढच्या वर्षी बघू.