बॅटरी मेली, आणि ती बॉनेटखालीच अडकली

मंडळी, न्यू जर्सीत राहतो. माझी 2006 ची पोर्शे बॉक्स्टर गाडी थंडीत तीन महिने उभी होती. रिमोट गप्प. चावीनं दार उघडलं, पण पुढचं झाकण विजेवर उघडतं आणि बॅटरी त्याच्याच खाली! गाडीवर फार जीव आहे, उचकटायची नाहीये. काय करू?

– पायापाशी डावीकडे फ्यूजबॉक्स आहे. त्यातलं लाल टर्मिनल बाहेर ओढ. त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस, दाराच्या लोखंडी स्ट्रायकरला (चौकटीवरचा आकडा, ज्यात दाराचं कुलूप अडकतं) मायनस. अलार्म बोंबलेल, रिमोटनं बंद कर. मग झाकणाचं बटण दाब.

– त्या जोडणीवर इंजिन मात्र सुरू करू नका हं, तार बारीक असते.

– उघडलं! तो ‘खट्’ ऐकून डोळ्यांत पाणीच आलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी साचलीय, ती घासतोय आता.