राउटरचे दिवे हिरवे, वायफाय जोडलेले, तरी इंटरनेट मधूनच बंद

सातारकर:
नमस्कार. आमचे घर जुन्या दगडी बांधणीचे आहे. फायबरचा राउटर ओसरीवर बसवलेला असून भिंती दोन-दोन फूट जाडीच्या असल्यामुळे माजघराच्या पलीकडे सिग्नल पोहोचत नाही. म्हणून टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड बंद केल्यापासून माळ्यावर पडून असलेला चार पोर्टांचा एडीएसएल मोडेम खाली काढला, राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची केबल ओढली आणि वायफायला तेच नाव व तोच पासवर्ड देऊन मोडेम तिथे जोडला. दोन दिवस सर्व सुरळीत चालले. नंतर एकदा वीज जाऊन आली आणि तेव्हापासून एका फोनवर इंटरनेट चालते तर दुसऱ्यावर नाही. लॅपटॉप अर्धा तास चालतो आणि मग ‘जोडलेले, पण इंटरनेट नाही’ असे दाखवतो. राउटरवरचा ‘पॉन’चा (फायबर जोडलेले असल्याचा) दिवा स्थिर हिरवा आहे, ‘लॉस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागत नाही. कंपनीचा माणूस मीटर लावून ‘लाईन ठीक आहे’ एवढे सांगून गेला. राउटर फॅक्टरी रीसेट करावा का?

आठवा_मजला:
डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहा. माझ्याकडे तेवढ्यानेच काम झाले होते.

तारजोड:
रीसेट मुळीच करू नका. जोडणी पीपीपीओई (राउटरने युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीशी जोडण्याच्या) पद्धतीची असेल तर त्यात भरलेले युजरनेम आणि पासवर्ड पुसले जातील आणि ते तुमच्याकडे लिहून ठेवलेले नसतील तर पुन्हा कंपनीच्या माणसाची वाट पाहणे आले. डीएनएसचा दोष असता तर नावाने संकेतस्थळ उघडले नसते, पण थेट आकड्यांच्या पत्त्याला पिंग (समोरून उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) गेले असते. त्यामुळे इंटरनेट बंद असताना लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ८.८.८.८ ला पिंग करा. मग ‘आयपीकॉन्फिग’ आणि ‘एआरपी -ए’ या आज्ञा देऊन गेटवेचा (ज्या यंत्रातून वाहतूक बाहेर जाते त्याचा) पत्ता आणि त्यासमोरचा, यंत्राला कारखान्यातच दिलेला फिजिकल अ‍ॅड्रेस टिपून घ्या. इंटरनेट चालू असताना हेच पुन्हा करा. माझा संशय त्या माळ्यावरच्या मोडेमवर आहे.

सातारकर:
इंटरनेट बंद असताना पिंगही जात नाही. गेटवे दोन्ही वेळा १९२.१६८.१.१ असाच आहे, परंतु त्यासमोरचा फिजिकल अ‍ॅड्रेस वेगवेगळा येतो. मोडेम उलटा करून तळाच्या लेबलावरची धूळ पुसली, तेव्हा बंद असतानाचा पत्ता नेमका तिथे छापलेला सापडला!

तारजोड:
मग निदान झाले. दोन्ही यंत्रांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि दोन्हींमध्ये डीएचसीपी चालू आहे, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम दोघेही करत आहेत. ‘१९२.१६८.१.१ कोण?’ असे लॅपटॉपने विचारले की दोघेही ‘मी’ म्हणतात. मोडेमचे उत्तर ग्राह्य धरले गेले की सगळी वाहतूक त्याच्याकडे जाते आणि त्याच्याकडे बाहेर जायला वाटच नाही. वीज जाण्यापूर्वी उपकरणांना खऱ्या राउटरचा पत्ता आधीपासून ठाऊक असल्यामुळे घोळ दिसला नसावा.

उपाय असा. मोडेमची राउटरकडे जाणारी केबल काढा, लॅपटॉप केबलने मोडेमलाच जोडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये लॅन आयपी १९२.१६८.१.२ करून जतन करा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि त्यानंतरच डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा केला तर लॅपटॉपला पत्ता देणारे कोणी उरत नाही आणि मग तो हाताने भरावा लागतो. शेवटी राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली केबल मोडेमच्या लॅन पोर्टातच लावा. टेलिफोनच्या तारेचे भोक रिकामे राहू द्या.

उंबरठा:
एक पुरवणी. अशा जुन्या मोडेमचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचेच असतात, त्यामुळे प्लॅन त्याहून मोठा असला तरी मागच्या खोलीत वेग तेवढ्यावरच अडेल. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १ आणि मोडेमला ११ द्या, म्हणजे दोघांची एकमेकांत लुडबुड होणार नाही. वायफायची सुरक्षा डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत पद्धतीवर असेल तर ती डब्ल्यूपीए२ करा. माळ्यावरून काढलेल्या यंत्रांत हे हमखास राहून जाते.

सातारकर:
सर्वांचे आभार. पत्ता बदलल्यावर पान गोल गोल फिरत राहिले, तेव्हा थोडा घाबरलो. ब्राउझर जुन्याच पत्त्यावर अडकला होता, नवा पत्ता टाकताच लॉगिन झाले. आज चौथा दिवस आहे आणि माजघराच्या पलीकडेही इंटरनेट अखंड चालू आहे. फक्त प्रिंटर काल संध्याकाळपर्यंत रुसून होता, तो बंद करून पुन्हा चालू केल्यावर नवा पत्ता घेऊन कामाला लागला.