नाताळ, ख्रिसमस आणि 'साजरा करणे'

प्रश्न

मी जाहिरातींचं भाषांतर करते. गेल्या आठवड्यात एका कपड्यांच्या दुकानाचा मजकूर आला. मी 'नाताळची खरेदी' असं लिहून पाठवलं, तिकडून 'नाताळ' खोडून 'ख्रिसमस' करून परत आलं. फोनवर म्हणाले, "मॅडम, नाताळ म्हटलं की चर्च डोळ्यांसमोर येतं. ख्रिसमस म्हटलं की खरेदी." मी बदल करून दिला, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. आम्ही लहानपणापासून 'नाताळची सुट्टी' म्हणत आलो आणि त्या सुट्टीत चर्चचा काडीचा संबंध नव्हता. मामाकडे जायचं, एवढंच. मग धार्मिक सण तो नाताळ आणि बाजारातला तो ख्रिसमस, अशी वाटणी मराठीत खरंच झाली आहे का? तुमच्या बोलण्यात ती आहे का?

प्रतिसाद

व्युत्पत्ती पाहिली तर वाटणी नेमकी उलटी व्हायला हवी होती. 'नाताळ' पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. त्याच्या मागे लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. शब्दात ना ख्रिस्त आहे ना चर्च. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेला त्याला त्याने हेच नाव दिलं, म्हणून गांधीजींच्या चरित्रात 'नाताळ' प्रांत भेटतो. (शाळेत मला वाटायचं, गांधीजी नाताळच्या सुट्टीत तिकडे गेले होते.)

'ख्रिसमस' मात्र जुन्या इंग्रजीतला 'ख्रिस्ताची मिस्सा' असा सरळ जोडशब्द. म्हणजे सेलच्या फलकावर दुकानदार जो शब्द मागतोय, त्याच्या पोटात ख्रिस्तही आहे आणि चर्चमधली उपासनाही.

'एक्समस'बद्दलही लगे हात सांगतो. त्यात ख्रिस्ताच्या नावावर काट मारली, हे बाजाराचं काम, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती चुकीची आहे. तो इंग्रजी एक्स नव्हे, ग्रीक 'खी' आहे. ग्रीकमध्ये ख्रिस्तोस हे नाव त्याच अक्षराने सुरू होतं, आणि हा संक्षेप छापखान्यांच्याही आधीचा.

प्रतिसाद

मी वसईचा, कॅथलिक. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती सोडवली. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. घरात, गावात आम्ही नाताळच म्हणतो. ऑफिसात मात्र मीही 'ख्रिसमस' म्हणतो, कारण समोरचा तेच म्हणतो. त्यामुळे नामावरून मला काही ठरवता येत नाही. माझ्या मते खरा फरक क्रियापदात आहे.

दर डिसेंबरात कोणीतरी विचारतं, "तुमच्याकडे ख्रिसमस कसा साजरा करतात?" मी कंदील, केक, नेवऱ्या (आमच्या करंज्या) सांगतो. सगळं खरं असतं, पण सांगून झाल्यावर वाटतं, नाताळ सांगायचा राहूनच गेला.

इंग्रजीत धर्मगुरू मिस्सा 'सेलिब्रेट' करतात. मराठीत 'मिस्सा साजरी केली' असं आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. मिस्सा 'अर्पण' करतात. मराठी बायबलात शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, 'पाळतात', यहुद्यांचा वल्हांडण सण 'पाळतात'. इंग्रजीत जे एका शब्दात भागतं त्याला आपल्याकडे तीन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यात फादरांची वस्त्रं जांभळी असतात, रविवारच्या मिस्सेत 'ग्लोरिया' गात नाहीत. ते स्तोत्र राखून ठेवलेलं असतं, ते २४ च्या रात्री घंटांसोबत पुन्हा उठतं. महिनाभर न गायलेलं गाणं त्या रात्री ऐकताना अंगावर काटा येतो. मॉलमध्ये नोव्हेंबरपासून तीच गाणी वाजत असतील, तर हा काटा येणार कुठून?

आई बारा-तेरा दिवस आधी पसरट ताटलीत माती घालून नाचणी पेरायची. वर ओलं फडकं. दोन-तीन दिवसांनी फडक्याचं टोक उचललं की पांढरे कोंब दिसायचे. २४ तारखेला ते हिरवंगार गवत घरात मांडलेल्या येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे कुरण म्हणून ठेवायचं. शेजारच्या काकू घट बसवणाऱ्या. त्या ताटली बघून म्हणायच्या, "तुमचेपण घट का हो?" आई म्हणायची, "तसंच समजा." गोठ्यात मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव सगळे आधीपासून उभे, पण गव्हाण रिकामी. बाळ येशूची मूर्ती कापसात गुंडाळून कपाटात. मिस्सेहून परतलं की घरातलं सगळ्यांत लहान मूल ती मूर्ती गव्हाणीत ठेवायचं. तो मान चार वर्षं माझा होता, मग बहीण झाली.

कंदील लावणं, नेवऱ्या तळणं हे साजरं करणं, आणि ते आम्ही हौसेनं करतो. ती रिकामी गव्हाण रोज बघत थांबणं हे पाळणं. 'साजरा' या शब्दाने दुसरं पहिल्याच्या पोटात घातलं, की आमचा अर्धा नाताळ बोलण्यातून नाहीसा होतो.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोड. 'साजरा' हे मुळात विशेषण: देखणा, शोभणारा. 'दुरून डोंगर साजरे' मधला तोच. आमच्या वऱ्हाडात 'साजरं झालं' म्हणजे अजूनही नुसतं 'छान झालं'. म्हणजे सण साजरा करणं हे मुळात सणाला सजवणं. आणि 'सण' आला 'क्षण'पासून. अमरकोशात उत्सवाला जे पर्याय दिले आहेत त्यांत 'क्षण' आहे. पाळायची ती वेळ, साजरी करायची तिची शोभा. श्रावण आपण पाळतो, 'श्रावण साजरा करता का?' असं कोणी विचारत नाही. एकादशी करतात, उपवास धरतात. उलट दहीहंडी कोणी पाळत नाही. तेव्हा हा भेद फक्त ख्रिस्ती घरातला नाही, मराठीचाच आहे.

प्रतिसाद

तोक्योत नऊ वर्षं आहे. इथे ही वाटणी पूर्ण झालेली दिसते. ख्रिस्ती लोक शंभरात एकाच्या आसपास, २५ डिसेंबरला सुट्टी नाही, पण 'कुरिसुमासु' सगळीकडे. त्याचा रूढ अर्थ: रोषणाई, स्ट्रॉबेरी घातलेला पांढरा केक, जोडप्यांची २४ ची संध्याकाळ आणि तळलेलं चिकन. चिकनची रीत केंटकीच्या, म्हणजे केएफसीच्या, १९७४ च्या जाहिरातमोहिमेने देशभर पसरवली. त्यासाठी लोक आगाऊ नोंदणी करतात. धार्मिक अर्थासाठी जपानीत वेगळा शब्द आहे, 'कोतानसाई', म्हणजे अवतारजन्माचा उत्सव. आपल्या 'ख्रिस्तजयंती'सारखा. चर्चच्या पत्रकाबाहेर तो मला क्वचितच दिसला.

मराठीत 'ख्रिस्तजयंती'चं तसंच झालंय ना? वर्तमानपत्रात, सुट्ट्यांच्या यादीत. तोंडात नाही. मला मात्र 'नाताळ' मराठीत दोन्हीकडे चालतो हेच बरं वाटतं. चर्चमध्येही तोच आणि मामाच्या गावच्या सुट्टीलाही तोच. जपानी सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे असा मधला शब्दच उरलेला नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानाच्या मजकुरात 'ख्रिसमस सेल' राहू दिलंय. इंग्रजी शब्दापुढे इंग्रजी शब्द, कानाला खटकत नाही. पण खाली 'आमच्यासोबत नाताळ साजरा करा' अशी ओळ होती, ती आज बदलून 'नाताळसाठी नवे कपडे' केली. दुकान कपडे देऊ शकतं, तेवढंच त्याने म्हणावं. त्यांनी ती न बोलता मान्य केली.

वसईच्या दादांना एक विचारायचं राहिलं. जाहिरातीची तारीख संपते २५ ला. माझ्याच मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब आहे, मी दरवर्षी २५ ची गर्दी टाळून दोन-तीन दिवसांनी जाते आणि संकोचून 'उशिरा शुभेच्छा' म्हणते. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

'उशिरा' काढून टाका, ताई. २६ ला दुकानातला तारा उतरतो आणि इयर-एंडचा फलक चढतो. आमचा आगमनकाळ २४ च्या संध्याकाळी संपतो आणि तिथून नाताळकाळ सुरू होतो. नंतर जानेवारीत तीन राजांचा सण, त्यानंतर येशूच्या बाप्तिस्म्याचा. गोठा आम्ही तोपर्यंत मोडत नाही. नाचणी तेवढी पिवळी पडलेली असते. २८ ला गेलात तर निव्वळ 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणा. नेवऱ्या उरलेल्या असतील.