मदत हवी आहे: मायटर सॉवर कापलेल्या चौकटीचा चौथा कोपरा जुळत नाही

समचतुर:

यंत्र १० इंची (२५५ मिमी) कंपाउंड मायटर सॉ (कोनात काप घेणारी करवत, हिचं पातं झुकतंही), स्लाइड नसलेला. पातं यंत्रासोबत आलेलंच, ४० दातांचं. लाकूड रंधलेलं, ६० मिमी रुंद आणि १८ मिमी जाड सपाट पट्ट्या.

चौकटी करतोय. सॉचं फिरतं टेबल उजवीकडच्या ४५° च्या खाचेत बसवतो, पट्टीचं एक टोक कापतो, पट्टी उलटी करून त्याच खाचेत दुसरं टोक कापतो. तीन कोपरे घट्ट बसतात, चौथ्यात आतल्या बाजूला साधारण ३ मिमी फट राहते. समोरून आणि मागून फट सारखीच दिसते.

आणखी तीन तक्रारी:
- कापाच्या कडेला तपकिरी जळाल्याचे डाग येतात.
- २०-२५ मिमीचे छोटे तुकडे कापताना तुकडा फेन्सवर (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या कडेवर) आपटून मागे उडतो.
- खालचं गार्ड (पात्याचं सरकतं झाकण) अर्ध्यावर अडकतं. ते वर बांधून ठेवलं तर चालेल का?

उलटा आटा:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, अजिबात नाही. गार्ड का अडकतं ते शोधा, तोवर सॉ वापरू नका. बाकी सविस्तर लिहितो.

चूक किती आहे ते तुमच्या फटीवरूनच कळतं. ६० मिमी पट्टीचा ४५° चा काप सुमारे ८५ मिमी लांब असतो. ८५ मिमीवर ३ मिमी फट म्हणजे जवळपास २°. चौकटीत आठ काप असतात आणि प्रत्येकाची चूक शेवटच्या कोपऱ्यात जमा होते. म्हणजे प्रत्येक काप पाव अंशाने चुकतोय. पाव अंश यंत्राच्या कोनपट्टीवरच्या खुणांवर दिसत नाही, त्यामुळे काट्याकडे बघून काही कळणार नाही.

फट आत आहे, म्हणजे काप ४५° पेक्षा जास्त होतोय. कमी झाला असता तर बाहेरच्या टोकाला फट पडली असती. समोर-मागे फट सारखी आहे, म्हणजे पात्याचं झुकणं, बेव्हल, बहुधा बरोबर आहे.

तुमच्या कापण्याच्या पद्धतीमुळे चूक उघडी पडते, हेही लक्षात घ्या. सपाट पट्टी उलटी करून एकाच बाजूच्या खाचेत कापली की जोडातल्या दोन्ही तोंडांवर तीच चूक येते आणि दुप्पट होते. एक तोंड डावीकडच्या ४५° वर आणि त्याला जुळणारं उजवीकडच्या ४५° वर कापलं, तर फेन्स किंचित फिरलेला असला तरी एक काप ४५.२५° आणि दुसरा ४४.७५° येतो, बेरीज ९०°. नक्षीच्या मोल्डिंगला उलटता येत नाही, त्यामुळे तिथे हे आपोआप होतं. पण ही तात्पुरती सोय झाली. फेन्स सरळ करणं हाच खरा उपाय.

त्याआधी एक चाचणी करा. टेबल ० वर ठेवा. दोन्ही कडा समांतर असलेली १०० मिमी रुंद फळी मधोमध कापा. एक तुकडा पालथा करा, दोन्ही तुकडे एकाच सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडं जुळवा. जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. ० वरही चूक निघाली तर दोष फेन्सचा किंवा खाचांच्या पट्टीचा. ० बरोबर आणि फक्त ४५° चुकीचा असेल तर ती एक खाच झिजली आहे किंवा तिच्यात भुसा ठासला आहे. खाच ब्रशने साफ करून पुन्हा बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

भुसापेटी:

उडणाऱ्या तुकड्याबद्दल. मायटर सॉचं पातं समोरच्या बाजूने खाली येतं आणि तळाशी फेन्सकडे, मागे जातं. कापून मोकळा झालेला छोटा तुकडा पाते आणि फेन्सची उघडी फट यांच्या मधे पडतो आणि दात त्याला मागे ओढून फेकतात. पातं फिरत असताना डोकं (मोटर आणि पातं असलेला वरचा भाग) वर उचललं की हमखास होतं. कापाचा क्रम असा ठेवा: ट्रिगर दाबा, पूर्ण वेग येऊ द्या, मग डोकं खाली आणा, काप पुरा झाला की खालीच धरून ट्रिगर सोडा, पातं पूर्ण थांबल्यावर वर न्या.

फेन्सला १२ मिमी सरळ प्लायची पट्टी मागून स्क्रूने बसवा आणि तिच्यातूनच एक काप घ्या. आता पात्याइतकीच फट उरते, तुकडा मागे शिरत नाही, मागची कडही फाटत नाही. टेबलावर पातळ एमडीएफ टाकलं तर खालची कडही स्वच्छ येते. मात्र स्क्रू पात्याच्या वाटेत नकोत, झुकलेल्या कापातही.

स्टॉप ब्लॉक लावत असाल तर तो धरलेल्या बाजूलाच हवा. सुटणाऱ्या तुकड्याच्या टोकाशी स्टॉप लावला की तुकडा पाते आणि स्टॉपच्या मधे अडकतो, आणि मग उडतो किंवा पात्याला वाकवतो. २०-२५ मिमीचे तुकडे हवेत तर ते लांब पट्टीवरूनच कापून पाडा. छोटा तुकडा हातात धरून पुन्हा कापणं धोक्याचं आहे. हात पात्यापासून किमान १५० मिमी लांब, त्याहून जवळ जावं लागत असेल तर क्लॅम्प. डावा हात पात्यापलीकडे नेऊन उजवीकडची पट्टी धरायची नाही, हातांची कात्री करायची नाही. हातमोजे नकोत, ते दातात अडकून हात आत ओढतात. चष्मा आणि कानांचं संरक्षण मात्र प्रत्येक कापाला. एमडीएफ कापताना धूळ-मास्क हवाच, भुसापिशवी सगळी धूळ पकडत नाही.

गार्ड: प्लग काढा. गार्डच्या बिजागरापाशी आणि सळईच्या जोडाशी साठलेला भुसा कोरड्या ब्रशने काढा. तेल किंवा ग्रीस नको, त्यात भुसा चिकटून ते दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट होतं, लावायचंच तर कोरडं ल्युब्रिकंट. मग डोकं हाताने खाली-वर करून बघा, गार्ड दर वेळी आपोआप पूर्ण मिटलं पाहिजे. मिटत नसेल तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा गार्ड वाकलं आहे. भाग बदला.

समचतुर:

आभारी आहे. चाचणी केली. ० वर १०० मिमी फळीला ०.९ मिमीच्या आसपास फट दिसते. ४५° पेक्षा ० ची चूक वेगळी नाही असं वाटतंय. आता फेन्स नेमका कसा सरळ करायचा? गार्ड साफ केल्यावर नीट मिटतं.

उलटा आटा:

०.९ चा निम्मा म्हणजे १०० मिमीवर ०.४५ मिमी, तोच पाव अंश. हिशोब जुळला. फेन्सच फिरलाय असं धरून चला.

प्लग काढून पुढचं करा. आधी गुण्या तपासा: सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन रेघा फाकल्या तर गुण्याच चुकीचा आहे आणि त्याने केलेली सगळी जुळवणी वाया जाते.

मग लांब सरळ पट्टी फेन्सच्या दोन्ही भागांना एकदम टेकवा. दोन्ही भाग एका रेषेत हवेत. नसतील तर ओतीव फेन्स मुरडलेला आहे, तेव्हा भुसापेटीने सांगितलेल्या प्लायच्या पट्टीमागे कागदाच्या घड्या घालून ती पट्टीच सरळ करावी लागते.

डोकं खाली आणून पिनने अडकवा, टेबल ० च्या खाचेत घट्ट करा. गुण्याची एक बाजू फेन्सला, दुसरी पात्याच्या पत्र्याला. दाताला टेकवू नका. कार्बाइडचे दात पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर असतात, गुण्या त्यांवर चढला की खोटं माप मिळतं. पातं हाताने अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. वाचन बदललं तर पातं वाकडं आहे किंवा फ्लँजवर (पातं आवळणाऱ्या चकतीवर) कचरा आहे, ते आधी निस्तरा.

फेन्सचे बोल्ट, बहुतेक यंत्रांवर चार, फक्त सरकेल इतके सैल करा. फेन्स गुण्याला लावा, आतले दोन आवळा, मग बाहेरचे, थोडे थोडे आळीपाळीने. आवळताना फेन्स सरकतोच, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजा. दोन-तीनदा करावं लागणं साहजिक आहे. काही मॉडेलांवर फेन्स पक्का असतो आणि खाचांची पट्टी सरकते, तेव्हा तेच काम टेबलाच्या स्क्रूंनी होतं. दोन्ही एकदम हलवू नका, चूक कुठली ते कळणार नाही. काट्याचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तो फक्त दाखवतो.

बेव्हलसाठी गुण्या टेबलावर उभा करून पात्याच्या पत्र्याला लावा. फरक असेल तर ० आणि ४५° चे थांबा-स्क्रू असतात, लॉकनट सैल करून फिरवायचे.

सगळं झाल्यावर तीच फळीची चाचणी. १०० मिमीवर ०.२ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर मी परत फेन्स सोडेन. चौकटीला तेवढी शिस्त लागते.

रंध्याची धार:

फेन्स सरळ करूनही फट आली तर ह्या दोन गोष्टी बघा. ४५° वर कापताना पातं पट्टीला फेन्सवरून बाजूला ढकलतं, हाताच्या दाबाने ती थांबत नाही. क्लॅम्प लावा किंवा फेन्सला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. दुसरी, समोरासमोरच्या पट्ट्यांच्या लांबीत १ मिमीचा फरक असला तर अचूक कोनही जुळत नाहीत. दोन्ही एकाच स्टॉपला टेकवून कापा. स्टॉपची खालची कड तासून घ्या, नाहीतर भुसा मधे साठून दुसरी पट्टी आखूड येते.

शेवटचा काप घेताना अर्ध्या मिमीची पापडी काढायचा मोह टाळा. एका बाजूला लाकूड नसलं की पातळ पातं मोकळ्या बाजूला झुकतं. निदान ४-५ मिमी लाकूड सुटेल असं आखा.

पट्टीला बाक असेल तर बाहेर फुगलेली बाजू फेन्सकडे ठेवा आणि कापाच्या जागी फेन्सशी अजिबात फट ठेवू नका. उलटी ठेवली तर काप पुरा होताना लाकूड मिटतं, पातं चिमटतं. काळे डाग आणि हिसका दोन्ही तिथूनच येतात.

बाकी डाग पात्यावर साठलेल्या चिकाचे असतात. दाताच्या मागे तपकिरी थर दिसला की ते पातं लाकूड कापत नाही, घासतं. पातं काढताना प्लग काढलेला हवा. मायटर सॉच्या मुख्य बोल्टचे आटे बहुतेकदा उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. जोर लावण्याआधी बोल्टजवळची खूण बघा. पातं कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणात १०-१५ मिनिटं भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लगेच पुसून पूर्ण वाळवा. तीव्र क्षाराचे ओव्हन क्लीनर टाळा. चाकूने खरवडायचं नाही, कार्बाइड ठिसूळ असतं.

बसवताना पात्यावरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला. समोरून बघता दातांची टोकं खाली हवीत. साफ करूनही डाग येत असतील तर पातं बोथट झालंय, किंवा तुम्ही फार हळू खाली आणताय. लाकडावर दाब न देता, पण न थांबता.

नवीन घेतलं तर चौकटीसाठी ६० ते ८० दात, हूक अँगल (दात पुढे किती झुकलाय तो कोन) शून्याच्या जवळपास किंवा उणे. टेबल सॉवरचं २०° हूकचं पातं इथे लावू नका, ते लाकूड उचलून खेचतं. मधल्या भोकाचा व्यास आणि कमाल आरपीएम यंत्राशी जुळवून घ्या. तुमची दर्शनी बाजू वर ठेवा, कड फाटते ती खाली आणि फेन्सकडे, कारण दात तिथून बाहेर पडतात.

समचतुर:

फेन्स लावला, फळीच्या चाचणीत फट दिसेनाशी झाली. पातं भिजवलंय. एक शंका: ट्रिगर सोडल्यावर पातं पूर्वीपेक्षा बराच वेळ फिरत राहतं आणि मोटरच्या फटीतून ठिणग्या दिसतात. ब्रेक गेला का?

भुसापेटी:

इलेक्ट्रिक ब्रेकचं यंत्र असेल तर आधी कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) बघा. ब्रश झिजून आखूड झाले की ब्रेक क्षीण होतो आणि ठिणग्या वाढतात. मोटरच्या दोन्ही बाजूंना स्लॉटची झाकणं असतात. प्लग काढून ती उघडा. ब्रशवर झिजेच्या मर्यादेची रेघ असते, तिच्यापर्यंत आले असतील किंवा स्प्रिंग जळल्यासारखी काळी असेल तर बदला. दोन्ही एकदमच बदलायचे, त्याच मॉडेलचे. जुनेच परत घालत असाल तर ज्या बाजूचे त्याच बाजूला, त्याच दिशेने. नवे ब्रश कम्युटेटरवर (ते ज्याला घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागावर) बसेपर्यंत पहिली काही मिनिटं यंत्र मोकळं चालवा, तेव्हा थोड्या ठिणग्या येतात. तरीही ब्रेक लागला नाही तर दुरुस्तीला द्या.

एक्स्टेन्शनची वायरही तपासा. बारीक आणि लांब वायरवर विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो, मोटर वेग धरत नाही, तापते. १५-२० मीटरपर्यंत १.५ चौमिमी, त्याहून लांब असेल तर २.५. गुंडाळीवरून पूर्ण उलगडून वापरा.

मोल्डिंगवाला:

धागा वाचून विचारतो. छताच्या कडेची मोल्डिंग टेबलावर सपाट ठेवून कापायची आहे, ९०° कोपऱ्यासाठी. मायटर (टेबल फिरवायचा कोन) आणि बेव्हल दोन्ही किती लावायचे?

उलटा आटा:

मोल्डिंगची पाठ भिंतीशी किती कोन करते त्यावर आहे. ३८° असेल तर मायटर ३१.६° आणि बेव्हल ३३.९°. ४५° असेल तर मायटर ३५.३° आणि बेव्हल ३०°. ३१.६° ची खाच बऱ्याच यंत्रांवर आधीच असते. हे आकडे कोपरा अचूक ९०° असेल तरच. भिंतीचा कोपरा क्वचितच तसा असतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांचा जोड जागेवर धरून बघा, आणि फट दिसली तर मायटर अर्धा अर्धा अंश सरकवत जा. बेव्हलला शेवटी हात लावा. डोकं झुकवण्याआधी फेन्सचा वरचा सरकता भाग बाजूला घ्यायला विसरू नका, नाहीतर पातं त्यावर आदळेल. यंत्र बंद ठेवून डोकं एकदा हाताने पूर्ण खाली आणून बघा.