जवानाने कौतुक केलं तर देशभक्ती, टीका केली तर नियम २१?

टाकळीकर

काल गावाच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. "जवानाला मत नसतं, हुकूम असतो. नेत्यांवर बोलायचं असेल तर आधी वर्दी उतरवा." खाली पन्नासेक तिरंगे आणि सलाम. टाकणाऱ्याने जन्मात एनसीसीची परेडसुद्धा केलेली नाही. मला माहीत आहे, आम्ही एका बाकावर होतो. ग्रुपवर भांडलं की ते घरापर्यंत जातं, म्हणून इथे फोरमवर ओकतोय.

नियम मलाही पाठ आहेत. घटनेचं कलम ३३, आर्मी रूल्स १९५४ मधले २० आणि २१. पक्षाच्या सभेला जायचं नाही, राजकीय विषयावर परवानगीशिवाय छापायचं-बोलायचं नाही. ज्याच्या हातात बंदूक त्याने राजकारण करू नये, हे मान्यच. शेजारी पाकिस्तानात काय झालं ते आपण बघितलंय.

पण हा नियम एकाच बाजूने का कापतो? २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन यांचे फोटो प्रचाराच्या फलकांवर झळकले. जवानांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाला पत्र काढून सांगावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात जनरल रावत, लष्करप्रमुख असताना, आंदोलक विद्यार्थ्यांबद्दल बोलले की जमावाला जाळपोळीकडे नेतात ते नेते नव्हेत. कुठला नियम लागला? हेच वाक्य एखाद्या शिपायाने उलट बाजूने बोललं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याचा बिस्तरा गेटबाहेर असता.

आमचे आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पलटणीत एकाने दरबारात, म्हणजे साहेबांसमोरच्या जवानांच्या सभेत, उभं राहून लंगरच्या जेवणाबद्दल विचारलं. दरबार म्हणजे विचारायचीच जागा ना? महिनाभर तो पोरगा शिक्षा म्हणून पाठीवर भरलेला पिठ्ठू लावून पळत होता. आबा आजही त्या पोराचं नाव घेताना आवाज खाली आणतात. आमच्याच घरात, आमच्याच ओसरीवर.

निवृत्त सुभेदार

धागा वाचला. तुमच्या आबांना नमस्कार सांगा. आता माझं ऐका.

२८ वर्षं नोकरी केली. एका इलेक्शनच्या दिवसांत आमच्या पोस्टवर दोन पोरं लंगरमध्ये भिडली, एकाचा नेता विरुद्ध दुसऱ्याचा नेता. ताटं उडाली. त्या रात्री दोघांना एकाच गस्तीवर जायचं होतं, भरलेल्या रायफली घेऊन. मी ड्यूटी बदलली आणि सकाळपर्यंत डोळा लागला नाही. तुम्ही ओसरीवर बसून स्वातंत्र्य म्हणता. मला ती रात्र आठवते.

तक्रारीला रस्ता आहे. आर्मी ॲक्टचं कलम २६ जवानासाठीच आहे. कंपनी कमांडरविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे जा. शिवाय सैन्यासाठीचं ट्रिब्युनल आहे. रस्ता लांब आहे, कबूल. पण आहे.

आणि रावतसाहेबांसारख्या गेलेल्या माणसावर बोलताना जरा भान ठेवा.

खडूस

रस्ता आहे म्हणे. कोल्हापूरच्या जनरल थोरातांनाही रस्ता होता. ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना चीन कुठून येईल, किती फौज लागेल हे लिहून दिलं, १९६० मध्ये लखनौला त्यावर युद्धसरावही केला. लष्करप्रमुख थिमय्यांनी ते पुढे नेलं, संरक्षणमंत्री कृष्ण मेननांनी बाजूला टाकलं. पेपरात गेले नाहीत, व्हिडिओ काढला नाही, सगळं शिस्तीत. मग १९६२ चं चीन युद्ध झालं.

त्याआधी १९५९ मध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी परत घ्यायला लावला आणि संसदेत नागरी सत्ताच श्रेष्ठ असल्याचं सुनावलं. शिस्त पाळून गप्प बसलेल्यांची यादी मोठी आहे, सुभेदारसाहेब.

निवृत्त सुभेदार

मग थोरातसाहेबांनी पेपरात द्यायला हवं होतं? चीनने पण वाचलं असतं की, फुकटात. काय बोलताय!

खडूस

नाही, पण नेहरूंनी तरी वाचायला हवं होतं. (हलके घ्या.)

शिवडीची अदिती

अजून तेज बहादूर यादव कसा आला नाही, याचंच आश्चर्य. येणारच आहे म्हणून मीच आणते. जानेवारी २०१७ मध्ये पाणचट डाळ आणि करपलेल्या पोळीचा व्हिडिओ, एप्रिलमध्ये बडतर्फ, २०१९ ला वाराणसीत पंतप्रधानांविरुद्ध अर्ज, तो बाद, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हार. पण एक, तो बीएसएफचा होता. सैन्याचा नाही, गृहखात्याचा. त्याला आर्मी रूल्स लागूच नव्हते. आणि दोन, त्याने नेत्यांवर टीका केलीच नव्हती. सरकार सगळं पाठवतं, वरचे अधिकारी विकून खातात, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे नेत्यावरची टीका तर लांबच, डाळीवरचीही पचली नाही.

मास्तर_सांगली

अदितीताई, बीएसएफचा मुद्दा काढलात ते बरं केलंत. सीमेवर तोही उभा, सैन्यातलाही उभा. पण २००४ नंतर भरती झालेल्या बीएसएफ-सीआरपीएफवाल्याला जुनी पेन्शन नाही! जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने द्या म्हटलं, जुलैत सुप्रीम कोर्टाने थांबवलं. बोलायचं स्वातंत्र्य घेऊन म्हातारपणी चाटायचं का?

घाटावरचा

मास्तर, विषय काय, तुम्ही कुठे!

मास्तर_सांगली

विषय तोच आहे. तोंड बंद असलं की पेन्शन जाते. आम्ही शिक्षक बोलू शकत होतो म्हणून मार्च २०२३ मध्ये सात दिवस संप केला, एकच मिशन जुनी पेन्शन. जवान संप करू शकतो? नाही. उलट आमदार एकदा निवडून आला की जन्मभर पेन्शन घेतो. यावर एक तरी जवान बोलला का? बोलूच शकत नाही!

कोथरूडकर

सात दिवसांच्या संपात माझ्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती, मास्तर. पेन्शन आमच्या करातून. खासगीत कोण देतं आम्हाला?

मास्तर_सांगली

खासगीत गेलात कशाला मग? डी.एड. करायचं होतं. १८ वर्षं शिक्षणसेवकापासून खर्डेघाशी, जनगणना, निवडणूक, खिचडी... आणि वर तुमच्या मुलीचे पेपर आम्हीच तपासले.

कोथरूडकर

तपासताना चूक होती. फेरतपासणीत ४ गुण वाढले.

शिवडीची अदिती

धागा भरकटला, त्याचं काश्मीर झालं. शुभेच्छा.

न्यूजर्सीचा पंत

मूळ विषयावर येतो. इथे अमेरिकेत लष्करी कायद्याचं आर्टिकल ८८ आहे. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस (म्हणजे इथली संसद), संरक्षणमंत्री यांच्याबद्दल तुच्छतेने बोलणं गुन्हा. पण ते फक्त कमिशन्ड ऑफिसरला. साध्या सैनिकाला खाजगी नागरिक म्हणून उमेदवाराबद्दल मत मांडता येतं, गणवेशात प्रचार करता येत नाही. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने जनरल मॅकआर्थरसारख्या माणसाला घरी बसवलं, कारण जनरल बोलला की धोरण हलतं. शिपाई बोलला तर फार तर लंगर हलतं. आपल्याकडे उलटं आहे. जनरल बोलतो, शिपाई पळतो.

निवृत्त सुभेदार

पंत, तिकडचं तिकडे ठेवा. आमच्या पोस्टवरची ती दोन पोरं शिपाईच होती. लंगरच हललं होतं.

टाकळीकर

सुभेदारसाहेब, तुमची ती रात्र मला पटली. खरंच पटली, उपरोध नाही. पलटणीत पक्ष नको. पण मग निवृत्तांचं काय? १४ ऑगस्ट २०१५ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, वन रँक वन पेन्शनसाठी जंतरमंतरवर बसलेल्या म्हाताऱ्या फौजींना पोलिसांनी हटवलं. त्यांच्या अंगावर वर्दी नव्हती, छातीवर पदकं होती. आमच्या ग्रुपवर तेव्हा एक तिरंगा आला नाही.

घाटावरचा

निवृत्तांनी २०१९ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहिलं होतं, सैन्याचं राजकारण थांबवा म्हणून. दीडशेहून जास्त नावं. लगेच माजी लष्करप्रमुख रॉड्रिग्ज म्हणाले, मी सही केलेली नाही. मग कुणाचं खरं? तुमचे निवृत्तही धुतल्या तांदळाचे नाहीत.

टाकळीकर

दोघा-तिघांनी नाकारलं. बाकीच्या नावांचं काय? ते कुणी विचारलं?

निवृत्त सुभेदार

१४ ऑगस्टला मी तिथेच होतो.

कपडे फाटले नाहीत, पण धक्का बसला. माझ्या शेजारच्या पेन्शनर साहेबांची पदकं खाली पडली, ती मी वेचली. एक लहान पदक राहिलंच.

त्याने माझं मत बदललेलं नाही. चालू नोकरीत तोंड बंद म्हणजे बंद. आणि ठीक आहे, ते जाळपोळीचं वाक्य जनरलसाहेबांनी टाळलं असतं तर बरं झालं असतं. झालं समाधान? वाटा पेढे.

टाकळीकर

पेढे नको. आबांना तुमचा नंबर हवाय, व्यक्तिगत निरोप करता का?

खडूस

सुभेदारसाहेब, थोरातांबद्दल मी चिमटा काढला तो तुम्हाला नव्हता. मेननना होता.

निवृत्त सुभेदार

माहीत आहे. तरी लागला.

मास्तर_सांगली

आता पेन्शनवर आलोच आहोत तर, वन रँक वन पेन्शनसारखं शिक्षकांना का नाही, वन ग्रेड वन पेन्शन? १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, कुणाचं काय घोडं मारलं होतं आम्ही?

कोथरूडकर

४ गुण, मास्तर. ४ गुण.